जावई आणि माझा उजवा हात

आमच्या काजूच्या फॅक्टरीत रोबो आला, तेव्हा आम्ही बायकांनी त्याचं नाव जावई ठेवलं. दुसरं काय ठेवणार? इतकी वर्षं आम्ही तापलेल्या पत्र्याखाली घामाने भिजून गर निवडत होतो, तेव्हा कुणाला साधा पंखा लावावासा वाटला नाही. हा यायचा म्हटल्यावर मात्र एसी बसला, भिंतींना रंग लागला, खिडकी-जनेलांना जाळ्या आल्या, आणि दारात नारळ फोडून त्याला कुंकू लावलं. त्याचे लाड बघून आमचा जळफळाट झाला. "जावयबापू इले गो, पाट मांडा," असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं.

तसा तो माणसासारखा दिसायला नव्हता. तोंड नाही, पाय नाहीत. टेबलाला बोल्टने आवळलेला एक करडा हात, त्याला कोपर आणि मनगट, आणि वरून टेबलावर रोखलेला कॅमेरा. अशी प्रत्येक टेबलाला एक जोडी, समोर एकेक बाई. तो गरांचा ट्रे आणून पुढ्यात ठेवायचा. ज्यांची त्याला खात्री असे ते अख्खे, अर्ध्या पाकळ्या, तुकडे त्याने आधीच वेगळे काढलेले असत. संशयाचे तेवढे आमच्याकडे. साल चिकटलेला, भोक पडलेला, एका अंगाने करपलेला. आम्ही सुरीने खरवडायचं, बघायचं, ठरवायचं. आम्ही काय ठरवलं ते तो वरून बघायचा आणि शिकायचा.

मनगटावर नंबराचा पट्टा बांधायचा आणि टेबलाला टेकवायचा, की त्याला कळायचं समोर कोण बसलं आहे. सगळ्या टेबलांचं डोकं एकच. एका टेबलावर तुमची चाल शिकला की दुसऱ्या टेबलावरही त्याला ती ठाऊक. हे आम्हाला मॅडमने समजावलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाची प्रमुख, वयाने माझ्या भाचीएवढी, पण बोलायला बरी. "तुम्ही जशा, तसा तो होत जाईल, मावशी," ती म्हणाली.

"म्हणजे आमच्यासारखा कुजका बोलणार?" मी विचारलं. सगळ्या हसल्या. मॅडमही हसली.

मी तशी फटकळच. नसते तर टिकले नसते. लग्न होऊन डिचोलीकडे गेले, तिथे नवऱ्याने दुसरी आणून ठेवली, आणि मी पेडण्याला, हळर्णला, भावाच्या घरी परत आले. भाऊ वाईट नाही. भावजयही वाईट नाही. पण परत आलेल्या बहिणीचं घरात काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कुजनात, स्वयंपाकघरात, भांडं जरा जोरात वाजलं तरी वाटतं, हे आपल्यासाठी वाजलं. ताटात भात वाढताना कुणाचा हात क्षणभर थांबला तरी आपण आधीच पुरे म्हणतो. फॅक्टरीत लागले आणि हे सगळं थांबलं. सकाळी फॅक्टरीला जायला धारगळची बस पकडायची म्हणून भावजय माझ्यासाठी आधी चहा टाकू लागली. मागच्या खोलीला मी माझं कुलूप लावलं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून उंडे पाव आणि सुंगटं-कोळंबी आणायची ती मी, आणि त्यात काय शिजवायचं ते सांगायची तीही मी. घरात माझा आवाज झाला. मला ते टेबल हवं होतं, बस्स. ते गेलं की मी परत कुजनातल्या कोपऱ्यात बसून खाणारी बाई होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

शिमगा उरकला आणि माझा उजवा हात कापायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, एसीची थंडी. मग वाटलं, रात्री झोप नाही. सुरी धरली की टोक थरथरायचं, आणि साल काढता काढता गरालाच चीर जायची. अख्खा गर माझ्या हातून पाकळी व्हायला लागला. शुक्रवारच्या बाजाराचं निमित्त करून मी म्हापशाला डॉक्टरकडे गेले. त्याने मला हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल काढायला लावले. गोळ्या दिल्या. "थोडा कमी होईल. पण जाईल असं नाही," तो म्हणाला. बसस्टँडवर येऊन बाकड्यावर बसले आणि समोरून पेडण्याची बस निघून गेली तरी उठले नाही.

कुणालाही सांगितलं नाही. भावाला तर नाहीच. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरू लागले, जेवताना भात कालवायचा वेळ लांबवू लागले. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या लक्षात आलं तो जावई.

मी थरथर लपवायला मनगट ट्रेच्या काठावर टेकवून काम करायचे, त्याने ट्रे खडखड वाजायचा. एके दिवशी जावयाने ट्रे आणला तो नेहमीपेक्षा जवळ, अगदी माझ्या पोटाशी. ठेवला आणि सोडून मागे जायच्या ऐवजी धरून राहिला. खडखड थांबली. मी गर साफ करून हात उचलला तेव्हाच त्याने ट्रे नेला. पुढचा आणला, तोही तसाच. मी हात टेकला की तो धरून राही, मी उचलला की नेई. दोनचार दिवसांत त्याने आपली सगळी चालच संथ केली. माझ्यापुरती.

आधी माझं डोकं सणकलं. "तुका कोणी सांगितलां रे मेल्या?" मी पुटपुटले. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. सख्ख्या भावाला जे दिसलं नाही ते टेबलाला ठोकलेल्या लोखंडाला दिसलं, याचं रडू होतं की कुणीतरी ओळखलं याचं, मला सांगता येणार नाही. त्या दिवसापासून मात्र मी त्याला शिव्या देणं सोडलं. सकाळी पट्टा टेकवताना हळूच म्हणायचे, "सांभाळ रे बाबा." आणि तो सांभाळायचा. गर चिरायचे कमी झाले.

पण तो संथ झाला म्हणजे मी संथ झाले. भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर प्रत्येक पट्ट्याची एक रेघ, कुणाचं काम किती झालं त्याची. माझी रेघ उतरत चालली. पावसाळ्याच्या तोंडाला मॅडमने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की गणेशचतुर्थीनंतर टेबलं कमी होणार आहेत, ज्यांची रेघ खाली असेल त्यांना पुढच्या हंगामाला बोलावणार नाहीत. सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर जी बाई होती ती सीमेपलीकडून, सिंधुदुर्गातून यायची. तिचा हात म्हणजे वीज. रेघ कायम सगळ्यांच्या वर. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बंद केला आणि सरळ माझं मनगट धरलं.

"तुझो हात कापता. माका कळणा नाय काय?"

मी हात ओढून घेतला. "काय नाय गो. थंडी."

"थंडी तुझ्या आवशीक सांग. दे तुझो पट्टो हडे."

तिचं म्हणणं साधं होतं. लावणीच्या दिवसांत आपण काय करतो? आज सगळ्या बायका तुझ्या मळ्यात, उद्या सगळ्या माझ्या. एखादी आजारी असली तर तिचा मळा पडून राहत नाही, दुसऱ्या बायका लावून टाकतात, आणि लावलेलं भात कोणाच्या हातचं हे कुणी विचारत नाही. हे तसंच. जेवणानंतर तिने माझा पट्टा बांधायचा, मी तिचा. आपापल्या टेबलावरच बसायचं. माझ्या नावाने तिचं काम चढेल.

"आणि तुझी रेघ?"

"माझी रेघ आसा वर. वायच खाली इली तर खंय आभाळ कोसळता? आणि कोण बघता?"

कोण बघता! आम्हा दोघींच्या डोक्यावर एकेक कॅमेरा होता आणि आम्ही मळ्यातल्या बायकांसारख्या आजूबाजूला बघून, टेबलाखाली पट्टे बदलले. पर्यवेक्षक कुठे आहे ते बघितलं, मॅडम कुठे आहे ते बघितलं. जावयाला आम्ही हिशेबात धरलंच नाही. तो काय कुणाला सांगणार, असंच आमच्या मनात.

काही दिवस चांगले गेले. माझी रेघ वर आली. मी इतकी खूश, की शुक्रवारी तिच्या मुलांसाठी म्हापशाहून खाजं घेऊन आले. मग एके सकाळी ती आपल्या टेबलावरून ओरडली, "ह्यो मेलो माका म्हातारी समजता गो!" जावई तिच्यापुढे ट्रे धरून थांबला होता. तिने हात कधीच उचलला होता, पण तो आपला थांबूनच. आम्ही हसलो. माझं हसू पुढच्याच क्षणी मेलं. माझ्या समोरच्या जावयाने ट्रे ठेवला आणि मी मनगट टेकते न टेकते तोच ओढून नेला. माझी बोटं त्याला लागली. तो जागच्या जागी थिजला, लाल दिवा लागला, पीं पीं वाजायला लागलं. असं त्याला कुणाचा धक्का लागला की तो थांबतोच, मग बटण दाबून परत चालू करावं लागतं. मी दाबलं. दोन ट्रे झाले, परत तेच.

माझ्या पट्ट्यावर त्याने अर्धा दिवस तिचा हात बघितला होता आणि तिच्या पट्ट्यावर माझा. दोघींच्या चाली त्याने एकमेकींत कालवल्या. तिच्याशी तो सावकाश वागू लागला, तिची रेघ घसरली. माझ्याशी घाई करू लागला, आणि माझा हात त्याला आड येऊन येऊन टेबल दिवसभर बोंबलत राहिलं. सगळ्या माना वळवून बघायच्या. मॅडम दोनदा येऊन गेली. तिने काही विचारलं नाही, हातातल्या टॅबवर काहीतरी बघितलं आणि गेली. ते न विचारणंच मला जास्त लागलं.

मी शेजारणीला सांगितलं, पुरे आता, माझ्यापायी तुझं जाईल. ती म्हणाली, "आणि तुझा काय?" मी तिचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि माझा परत घेतला.

मग सुरू झाली ती कात्री. जावयाने मला परत ओळखायला हवं, तर मला माझ्याच पट्ट्यावर, माझ्याच कापऱ्या हाताने दिवसच्या दिवस काम करायला हवं. पण तसं केलं की रेघ खाली. चतुर्थी तर तोंडावर आलेली. नाही केलं तर तो घाई करणार, धक्के लागणार, टेबल बंद पडणार, रेघ तरीही खालीच. कुठूनही गेलं तरी खड्डाच. रात्री अंथरुणावर पडून मी उजवा हात डाव्या हाताने घट्ट दाबून धरायचे आणि त्याला शिव्या द्यायचे. स्वतःच्या हाताला. असलं कुणी करतं का? मी केलं. डॉक्टरने सांगितलेल्याहून जास्त गोळ्या घेऊन बघितल्या. डोळ्यांवर झापड आली, बसमध्ये धारगळचा थांबा हुकला, हात कापायचा तो कापतच राहिला. आमच्या देवळात जाऊन कौलही लावला. त्याचंही उत्तर धड आलं नाही.

शेवटी मी जावयालाच सांगायला लागले. पट्टा टेकवायचा आणि बोलायचं. "बाबा, माका ओळख रे. ती मी न्हय. ही मी. बघ, ह्यो माझो हात." तो कॅमेरा हात बघतो, बोलणं त्याला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तरी बोलायचे. शेजारच्या रांगेतल्या बायका एकमेकींना खुणा करायच्या. करोत. ज्याच्या हातात आपलं सगळं आहे त्याच्याशी बोलायला कसली लाज? आणि दोनेक आठवड्यांनी तो हळूहळू परत थांबायला शिकला. आधी जेमतेम, मग आणखी थोडा. ट्रे परत पोटाशी येऊ लागला. खडखड थांबली. माझी रेघ पडद्याच्या तळाला जाऊन टेकली होती, पण का कोण जाणे, त्या दिवसांत मला वाटायचं की काहीतरी होईल. कुणीतरी पडद्याकडे न बघता माझ्या ट्रेकडे बघेल, गर किती नीट साफ झालेत ते बघेल.

चतुर्थीच्या आधी, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घ्यायला म्हणून बायका लवकर सुटायच्या त्या दिवसांत, मॅडमने मला आणि शेजारणीला थांबवलं. बाकीची टेबलं बंद झाली होती. एकच चालू.

"तुमच्या दोन पट्ट्यांवर मध्ये दोन वेगवेगळे हात दिसतात," ती म्हणाली. "मी रागवायला बोलावलं नाही. पट्टे बदललेत हे मला कळलंय, ते मी वर कळवणार नाही. पण कुठली रेघ कुणाची ते मला नक्की हवं. यादी आज पाठवायची आहे."

"ती कापरी रेघ माझी," शेजारीण ताडकन म्हणाली.

मॅडमने टॅब उघडला. मग म्हणाली, "दोघींनी पट्टे काढून ठेवा. एकेक जणी बसा. पट्टा असला की तो पट्ट्यावरचं मानतो, नसला की हाताची ढब बघून वागतो."

आधी शेजारीण बसली. आणि बाईने काय केलं? उजवा हात जो काही कापवला, की गावच्या जत्रेतल्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करणाराही तसं करणार नाही. सुरी हलवते आहे, तोंड वाकडं करते आहे, मध्येच हाय हाय म्हणते आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातच हसूही आलं. जावयाने ट्रे ठेवला, सोडला, तिने गर साफ केले, त्याने झटकन नेला. दुसरा आणला, ठेवला, नेला. तिच्या नाटकाने त्याला काडीचा फरक पडला नाही. ती उठली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं.

मग मी बसले. कोपर टेबलाच्या कडेला दाबलं. दात आवळले. आयुष्यात कधी देवापुढे उभी राहिले नसेन इतक्या मनापासून मी त्या हाताला म्हणत होते, थांब, एवढे दोनचार ट्रे थांब, मग काय थरथरायचं ते घरी जाऊन थरथर. आणि समोरच्या त्याला म्हणत होते, बाबा, आज ओळखू नकोस. एवढ्यापुरता विसर मला. एका ट्रेपुरता विसर.

हात थांबला होता. खरंच थांबला होता, मला दिसत होतं. सुरीचं टोक स्थिर होतं.

जावई ट्रे घेऊन आला. टेबलाच्या मध्यावर आला आणि त्याने वेग कमी केला. आणखी कमी केला. ट्रे माझ्या पोटाशी आणला, हळूच टेकवला आणि धरून राहिला. मॅडमच्या टॅबवर काहीतरी टिंग वाजलं. तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मी गर साफ केले. एकही चिरला नाही. सगळे झाले तरी मी मनगट ट्रेच्या काठावरून उचललं नाही. बोटांनी काठ धरला. मी सोडेपर्यंत तो नेणार नव्हता, आणि त्याने नेला की संपलं. म्हणून मी धरून बसले. तोही धरून थांबला. आता हात मनसोक्त कापत होता आणि ट्रे त्याने घट्ट धरल्यामुळे जरासुद्धा वाजत नव्हता.

"मावशी," मॅडम म्हणाली. "सोडा ना."

मी सोडला नाही.

"मावशी, मला पण घरी जायचंय हो." तिचा आवाज फुटला होता.

शेवटी शेजारीण माझ्या बाजूला येऊन वाकली. तिने माझी बोटं एकेक करून काठावरून सोडवली आणि आपल्या मुठीत धरली. जावई ट्रे घेऊन वळला. मी उठले, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले आणि मागे बघितलं. तो पुढचा ट्रे घेऊन आला होता. रिकाम्या स्टुलापुढे तो त्याने हळूच टेकवला आणि धरून राहिला.

"ने रे मेल्या तो," मी ओरडले. "ने!"

मॅडमने बटण दाबून त्याला बंद केलं.